द्वारकाआजींचं बिरडं

माझ्या नवऱ्याला घरचं सोडून सगळं आवडतं. हे मी रागाने बोलत नाहीये. म्हणजे रागानेच बोलतेय, पण खोटं बोलत नाहीये.

हरिहर बँकेतून रिटायर झाले आणि त्यांना हॉटेलांचा नाद लागला. साधी हॉटेलं नव्हेत हं. इडली-वड्याच्या दुकानाला ते हॉटेल म्हणतच नाहीत. ज्याच्या दारात जॅकेट घातलेला माणूस उभा असतो, मेन्यूकार्ड लाकडाच्या फळीवर चिकटवलेलं असतं आणि उजेड इतका कमी असतो की भाजीत काय आहे ते मोबाइलचा टॉर्च लावून बघावं लागतं, ते त्यांचं हॉटेल. ठाण्याला घोडबंदर रोडला, वर्तकनगरात, कल्याणला आणि आता आमच्या डोंबिवलीतही मानपाडा रोडच्या नव्या टॉवरांखाली अशी हॉटेलं ढीगभर झालीयत. हे तिथे जातात, खातात आणि फेसबुकवरच्या खवय्यांच्या ग्रुपवर परीक्षण लिहितात. अठरा हजार माणसं आहेत त्या ग्रुपात. लोक स्टार देतात, हे वाट्या देतात. पाचपैकी साडेतीन वाट्या, पाचपैकी चार वाट्या. पाच वाट्या कुणालाच मिळाल्या नव्हत्या. त्यामुळे हरिहरकाका आले म्हटलं की मॅनेजर धावत येतो. परीक्षणाची शेवटची ओळ ठरलेली असते, 'सौ. सोबत होत्या.'

ती सौ. म्हणजे मी, शुभदा.

मला काय हवं होतं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बाई उगाच आकांडतांडव करतेय. लग्नाला तेहतीस वर्षं झाली. तेहतीस वर्षांत या माणसाने माझ्या हातचं जेवून एकदाही 'छान झालंय' म्हटलेलं नाही. आमटी केली तर "आज चिंच जरा पुढे गेलीय." भरीत केलं तर "वांगी कुठून आणलीस?" आणि अगदीच काही सापडलं नाही तर शेवटचं हत्यार, "आईच्या हातची सर नाही." दोन शब्द हवे होते मला. दागिना नको, परदेशवारी नको. दोन शब्द. मूर्खपणा आहे, कळतं मला. पण हवे होते.

गेल्या वर्षी ठाण्याच्या एका हॉटेलात यांनी थालीपीठ मागवलं. काळ्या दगडी पाटीवर एवढुसे चार त्रिकोण आले, वर दोन कोवळी पानं खोचलेली, बाजूला लोण्याचा ठिपका. यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "वा! काय खमंग भाजणी!" अहो, मंगळवारीच मी थालीपिठं लावली होती. माझी स्वतःची भाजणी, खरपूस भाजलेली. तेव्हा म्हणाले होते, "दाताला लागतंय." मी त्या दगडी पाटीकडे बघत राहिले. वाटलं, दगडावर वाढलं की या माणसाला चव कळते, तर उद्यापासून पाट्यावरच वाढते.

तर आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर दीप्तीचं पोळी-भाजी केंद्र आहे. माझी जुनी मैत्रीण. तिचा भाचा सलिल. त्याने मानपाडा रोडला 'शिंकाळं' नावाचं हॉटेल काढलं. आत छताला खरीखुरी शिंकाळी टांगलीयत, त्यांत लोणी-दह्याऐवजी बल्ब. पण पोरगा गुणी. त्याची एक कल्पना होती. तिथला प्रत्येक पदार्थ एका घरच्या बाईकडून करून घ्यायचा आणि मेन्यूकार्डावर तिचं नाव छापायचं. चित्राताईंच्या अळूवड्या, सोनलवहिनींची कोळाची आमटी, असं. दीप्तीने त्याला माझ्याकडे पाठवलं.

"ताई, तुमचं बिरडं मला हवंय," सलिल म्हणाला. "एक महिना करून बघू. लोकांना आवडलं तर पुढच्या कार्डावर तुमचं नाव."

मी कल्याणची. माझ्या माहेरी वालाचं बिरडं म्हणजे सणाचं जेवण. कडवे वाल रात्री भिजवायचे, ते पाणी फेकायचं, फडक्यात घट्ट बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. एकेक! अंगठा आणि बोटाच्या मधे दाबला की साल हातात आणि डाळिंबी भांड्यात. किलोभर वाल सोलता सोलता मान मोडते, पण साल राहिलं तर कडू लागतं आणि घशात अडकतं. शेवटी नारळाचं दूध, आमसूल, चिमूटभर गूळ. आईने शिकवलेलं.

घरी मी बिरडं करणं सोडून वीस वर्षं झाली होती. सासूबाई गेल्या त्या वर्षी श्रावणात केलं होतं, तर यांनी एक घास घेऊन वाटी बाजूला सारली. "आईच्या बिरड्याची सर नाही," म्हणाले. माणूस दुःखात आहे म्हणून मी गप्प बसले. पण त्यानंतर घरात वाल आणले नाहीत.

मी सलिलला हो म्हटलं. हरिहरना सांगितलं नाही. ते सकाळी आठ ते अकरा ज्येष्ठांच्या कट्ट्यावर असतात, तेवढ्यात मी दीप्तीच्या स्वयंपाकघरात बिरडं करून सलिलच्या डब्यात भरून द्यायची. आधी नाव छापून येऊ दे, मग कार्ड यांच्यासमोर ठेवायचं, असं मी ठरवलं होतं. तिसऱ्या आठवड्यात सलिलने मला नव्या कार्डाचं प्रूफ आणून दाखवलं. जाड बदामी कागद, त्यावर तपकिरी अक्षरं. 'शुभदाताईंचं बिरडं.' माझं नाव लग्नपत्रिकेनंतर कुठे छापलं गेलं नव्हतं. मी ते प्रूफ घरी नेलं आणि पिठाच्या डब्यामागे ठेवलं. येता-जाता काढून बघायची. हसा हवं तर.

आणि मग एका रविवारी दुपारी हे म्हणाले, "चल, आवर. शिंकाळं म्हणून नवीन निघालंय. बघू काय दिवे लावलेत."

मी सलिलला फोन करून सांगितलं, आम्ही येतोय, मला ओळख दाखवू नकोस. काका जेवेपर्यंत तोंड उघडायचं नाही. लग्न ठरवायला आले होते तेव्हाही इतकी घाबरले नव्हते.

यांनी अळूवडी घेतली, "बरी आहे." आमटी घेतली, "बरी आहे." मग बिरडं आलं, पितळेच्या छोट्या वाटीत. यांनी पोळीचा तुकडा बुडवला, तोंडात घातला आणि चावायचे थांबले. मला वाटलं, झालं, खडा लागला. पण यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खरंच पाणी. बापाच्या तेराव्यालाही न रडलेला माणूस.

"शुभदा," ते म्हणाले, "हे आईचं बिरडं आहे."

मी माझ्या ताटातली पोळी मोडत राहिले.

"अगं, अगदी तेच. तोच मऊपणा, तोच आंबटपणा. वीस वर्षांनी खातोय मी हे." आणि वाटी पुसून खाल्ली. दुसरी मागवली. तिथेच बसून मोबाइलवर लिहायला लागले. त्यांनी लिहिलं, 'आज शिंकाळ्यात मला माझी आई भेटली.' आणि खाली, आयुष्यात पहिल्यांदा, पाचपैकी पाच वाट्या. पोस्ट टाकूनही दिली. सौ. सोबत होत्या.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. इतकी वर्षं मला वाटायचं, आईच्या हातचं हे नुसतं बोलायची पद्धत आहे. पण या माणसाला ते खरंच वाटत होतं!

आमच्या घरची रीत अशी होती. मी लग्न होऊन आले तेव्हा दोन खोल्यांत सासू-सासरे, दोन दीर, आम्ही दोघं. पुरुष बाहेरच्या खोलीत जेवायला बसायचे. सूनबाई आत ओट्याशी, आणि वाढायच्या सासूबाई. सुनेनं पुरुषांना वाढायचं नाही, असा नियम. पातेलं त्यांच्या हातात, डाव त्यांच्या हातात. यांना दिसायचा तो आईचा हात. "आई, बिरडं झकास!" हे ओरडायचे, आणि सासूबाई आणखी एक डाव वाढायच्या. 'सुनेनं केलंय' असं एकदाही त्यांच्या तोंडून निघालं नाही. मी आत पोळ्या लाटत असायची. वाटायचं, जाऊ दे, घरात कळतंच की सगळ्यांना.

कुठलं कळतंय! सासूबाई गेल्या, मी वाढायला लागले आणि त्याच बिरड्याची चव गेली. म्हणजे वीस वर्षं मी कुणाशी हरत होते? माझ्याशीच!

मी म्हटलं, "अहो, ते बिरडं मी केलंय."

हे हसले. "काहीतरीच."

सलिल बाजूलाच घुटमळत होता. तो पुढे आला. "खरं आहे काका. महिनाभर ताईच करतायत."

हरिहर माझ्याकडे बघत राहिले. आता बोलतील, मला वाटलं. आता तर दुसरं काही बोलायला जागाच नाही. वाटी रिकामी, पोस्ट टाकलेली, डोळे ओले.

"तरीच!" ते म्हणाले. "आईने शिकवलंय हिला. शेवटी आईचा हात तो आईचा हात." आणि सलिलच्या पाठीवर थाप मारली.

घरी आल्यावर मी सोडलं नाही. चपला काढायच्या आधीच सुरू झाले. म्हटलं, आई कराडकडच्या होत्या. त्यांच्याकडे पावटा, मटकी. वाल त्यांना माहीतही नव्हते. ते बिरडं माझ्या आईचं. तेव्हाही मीच करत होते.

"मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. आई वाढायची," हे म्हणाले.

"वाढायच्या त्या. रांधायची मी!"

"मग ती गेल्यावर तू केलंस त्याला ती चव का नव्हती?"

मी म्हटलं, "चव होती. आई नव्हत्या." यावर ते चिडले. म्हणाले, "गेलेल्या माणसाशी कसली बरोबरी करतेस? तिला दोन शब्द श्रेय दिलं तर तुझं काय झिजतं?"

माझे दोन शब्द. तेही सासूबाईंना.

ती पोस्ट इकडून तिकडे फिरली. शहाडपासून ठाण्यापर्यंतची माणसं यायला लागली. येऊन विचारायची, हरिहरकाकांच्या आईचं बिरडं आहे का? दहा दिवसांनी सलिल दीप्तीकडे आला. माझ्याकडे न बघता, ओट्यावरच्या वालांकडे बघत बोलायला लागला.

"ताई, कार्ड छापायला गेलंय. नाव... जरा बदललंय. लोक त्याच नावाने मागतायत ना. द्वारकाआजींचं बिरडं. काकांनीच त्यांच्या आईंचं नाव सुचवलं. आजींचा फोटोही दिला त्यांनी, भिंतीवर लावायला. मी विचारलं त्यांना, ताईंना चालेल का? ते म्हणाले, सौ.ची काही हरकत नाही."

"आणि मी?" मी विचारलं.

"तुमचं आहे ना ताई. खाली बारीक अक्षरांत. 'आजींची परंपरा जपणाऱ्या सूनबाई.'"

दीप्ती त्याच्यावर अशी काही उखडली की विचारू नका. मी ओट्यावरचे वाल झाकून ठेवले. घरी गेले तर भिंतीवर सासूबाईंच्या फोटोच्या जागी पांढरा चौकोन आणि खिळा. डबा सरकवून प्रूफ काढलं, आणि पहिल्यांदा रडले. मग तोंड धुतलं. मला एक जुनी गोष्ट आठवली होती.

माझ्या लग्नाच्या पहिल्याच महिन्यात सासूबाईंनी एकदा स्वतः वाल केले होते. हे तेव्हा ट्रेनिंगला नागपूरला. माझ्या माहेरून वाल आलेले, आणि 'त्यात काय एवढं शिकायचंय' म्हणून त्यांनी ते भिजवले, त्याच पाण्यात सालासकट शिजवले आणि वरून काळा मसाला आणि दाण्याचं कूट घातलं. मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, एक घास घेतला आणि ताट ढकललं. "हे म्हशीला घाला," म्हणाले. त्या दिवसापासून वालाचं पातेलं माझ्याकडे आलं.

द्वारकाआजींचं बिरडं असं असतं. कृती मला तोंडपाठ होती.

फोटो लावायचा कार्यक्रम रविवारी दुपारी होता. ग्रुपमधली दहा-बारा माणसं. ग्रुप चालवणारी क्षिप्रा नावाची मुलगी मोबाइल उंच धरून सगळं शूट करत होती. भिंतीवर सासूबाई, नऊवारीत, हार घालून. खाली हरिहर, इस्त्रीचा कुर्ता घालून, लग्नात मुलीचा बाप उभा असतो तसे. त्यांनी भाषण केलं. आई, संस्कार, चुलीवरचा स्वयंपाक. चूल आमच्याकडे कधीच नव्हती, गॅस होता. पण लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी सलिलला म्हटलं, "आज मी वाढते. घरची रीत आहे."

सगळ्यांना वाढलं. सगळ्यांना माझं बिरडं, सोललेलं, नारळाच्या दुधातलं. हरिहरना मात्र वेगळ्या पातेल्यातलं. छोटं पातेलं, खास त्यांच्यासाठी केलेलं. आदल्या दिवशी त्यासाठी काहीच करावं लागलं नव्हतं. नुसते भिजवायचे आणि शिजवायचे. इतका सोपा स्वयंपाक मी जन्मात केला नाही.

"काका, पहिला घास!" क्षिप्रा मोबाइल घेऊन पुढे आली. "आजींच्या फोटोखाली!"

यांनी मोठा घास घेतला. चावला. चेहरा असा झाला की मला मामंजीच आठवले. घास या गालातून त्या गालात गेला. हात नॅपकिनकडे गेला आणि मोबाइल समोर बघून परत आला. आजूबाजूला सगळे "वा! अप्रतिम! काय मऊ झालंय!" म्हणत होते. कुणीतरी म्हणालं, "काका, भाग्यवान हो तुम्ही, हे खात वाढलात."

"कसं झालंय, काका?" क्षिप्रा म्हणाली.

मी त्यांच्या शेजारी डाव घेऊन उभी होते. मान वर करून त्यांनी आधी फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"छान झालंय," हरिहर म्हणाले.

तेहतीस वर्षं. आणि ते शब्द आले तेव्हा असे आले, घशात सालं अडकलेल्या आवाजात. मला वाटलं होतं, ऐकल्यावर काहीतरी होईल मला. काही झालं नाही.

मी वाकले आणि फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं बोलले, "बाकीच्यांना वाढलंय ते माझं आहे. तुमच्या वाटीतलं आईंचं."

त्यांनी वाटीत बघितलं. काळ्या रश्शावर सालं तरंगत होती. कळलं त्यांना. त्या क्षणी सगळं कळलं, हे मी त्यांच्या मानेवरून सांगू शकते. मान खाली गेली ती वर आलीच नाही.

मी आणखी एक डाव भरला. मोठ्याने म्हटलं, "घ्या ना! आई काही एका वाटीवर उठू द्यायच्या नाहीत." सगळे हसले. "आग्रह करा, ताई!" कुणीतरी ओरडलं. मी केला. दुसरी वाटी संपेपर्यंत मी तिथून हलले नाही. मोबाइल चालूच होता, आणि त्यांनी शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्लं. एक साल टाकलं नाही.

घरी आल्यावर ते तांब्याभर पाणी प्यायले, पुन्हा एक तांब्या प्यायले आणि आत जाऊन बसले. मी स्वयंपाकघरात पातेलं घासत होते. वाटत होतं, आज येतील. ओट्यापाशी उभे राहतील, काहीतरी बोलतील. माफी नको, नुसतं 'तूच करत होतीस' एवढं म्हणाले असते तरी मी रात्रीला आमटी-भात टाकला असता आणि विसरले असते.

माझा मोबाइल वाजला. ग्रुपवर त्यांची नवी पोस्ट होती. सासूबाईंचा हार घातलेला फोटो, खाली त्यांची ती पितळेची रिकामी वाटी.

'आईच्या हातची चव आज पुन्हा चाखली. शब्द अपुरे आहेत. पाचपैकी पाच वाट्या.'

आणि शेवटची ओळ, 'वाढायला सौ. होत्या.'